पोकळ पियानो आणि मार्ताबाई

संपादकांनी फोनवर बजावलं होतं, दिवाळीचा अंक आहे, आठवणी जरा गोड असू द्या. मी म्हटलं, गोड खायला लोकांकडे करंज्या आहेत, माझ्याकडून कशाला? मी आयुष्यभर पियानो सुरात लावायचं काम केलं आणि गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून ते थांबवलं. त्या कामात गोड काहीच नव्हतं असं नाही. पण गेल्या वर्षी मुलुंडला जे झालं ते डोळ्यांनी पाहिल्यापासून माझं डोकं जे तापलंय ते अजून निवलेलं नाही. तेव्हा मी तेच लिहिणार. गोड हवं असेल त्यांनी सरळ पाककृतींच्या पानावर जावं.

आधी धंदा काय ते सांगते, कारण नाहूरला आमच्या बिल्डिंगमध्ये तीस वर्षं राहूनही शेजारणींना वाटतं की मी पियानो वाजवते. मी वाजवत नाही. मला दोन हातांनी एक धड आरती वाजवता येत नाही. मी पियानो लावते. पियानो म्हणजे बाहेरून कपाट आणि आतून यंत्र. पट्टी दाबली की आत फेल्टचं जाड लोकरी कापड गुंडाळलेली एक लाकडी हातोडी उसळते आणि तारेवर आपटते. बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात आणि तिघींनी एकाच तोंडाने बोलायचं असतं. त्यातली एक जराशी ढिली पडली की तिघींची सासू-सून-नणंद होते. मग आम्ही येतो, किल्ली लावून तारेची खुंटी केसभर फिरवतो, कान देतो, परत फिरवतो. असं एकेका तारेला. अर्धा दिवस जातो. घरातल्या माणसांचं डोकं उठतं, आमचं उठून चालत नाही.

मुंबईची हवा ही पियानोची सवत. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, उंदरांना आतलं फेल्ट बाळंतपणासाठी फार आवडतं. म्हणून आम्ही पियानोच्या पोटात एक छोटा बल्ब कायम जळता ठेवतो, ऊब राहावी म्हणून. हे मला बाबांनी शिकवलं. बाबा गिरणीत फिटर. गिरणी बंद पडल्यावर एका म्हाताऱ्या पारशी ट्यूनरच्या हाताखाली लागले, आणि मुलगा नसल्यामुळे त्यांची पिशवी उचलायला मी. पुढे पिशवीच माझी झाली. लोकांच्या घरी बेल वाजवली की दार उघडणारा माझ्या मागे बघायचा. ‘ट्यूनर कुठे आहेत?’ मी म्हणायची, तुमच्यासमोर उभ्या आहेत. ‘नाही, म्हणजे साहेब?’ साहेब नाहूरला भात टाकतायत, असं एकदा मी अंधेरीच्या एका बाईंना सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर अंक पुरणार नाही. बोरिवलीच्या एका शाळेतून नवरात्र संपल्या संपल्या फोन आला, पियानो बोलत नाही. जाऊन झाकण उघडते तर आत हळद, कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या आणि तारांवर सुकलेलं नारळाचं पाणी. खंडेनवमीला शाळेच्या शिपायांनी झेरॉक्स मशीन, पाण्याचा पंप आणि पियानो अशी सगळ्यांची यथासांग पूजा केली होती. नारळ वाढवताना पाणी आत गेलं. मी भडकले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘अहो, श्रद्धेने केलंय त्यांनी.’ तारा गंजल्या त्या श्रद्धेने. पण आता मागे वळून बघताना त्या शिपायांबद्दल मला माया वाटते. त्यांनी निदान झाकण उघडलं होतं. आत काहीतरी पूजा करण्यासारखं आहे एवढं त्यांना ठाऊक होतं.

घाटकोपरच्या एका घराची गोष्ट वेगळी. पांढराशुभ्र पियानो, घर सजवणाऱ्याने सुचवला म्हणून घेतलेला. वर्षभराने त्यांनी मला बोलावलं ते सूर लावायला नाही. फरशीला तडा जातोय, वजन कमी करायचंय, आतलं काढून टाकाल का? मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, आतलं म्हणजे काय? ‘म्हणजे तारा, ते लोखंड वगैरे. बाहेरचा लुक तसाच ठेवायचा.’ मी पिशवी उचलली आणि चपला घातल्या. पुढे त्यांनी ते सुताराकडून करवून घेतलं असं कळलं. आत आता क्रोकरी ठेवतात म्हणे.

अशा घरांतून हिंडताना एक घर होतं जिथे जायला मी आदल्या दिवसापासून खुश असायची. अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर मार्ताबाई राहायच्या.

मार्ताबाई हंगेरीच्या. तिसा नदीच्या काठी एक लहानसं गाव, वडील रेल्वेत सिग्नल सांभाळणारे. घरात पियानो नव्हता, शाळेत होता. थंडीत शाळेतली शेगडी वर्गात पेटायची, पियानोच्या खोलीत नाही. मग ही पोर बोटं कापलेले हातमोजे घालून तिथे बसायची. अकरा-बारा वर्षांची असताना कुणीतरी ऐकलं आणि तिला बुडापेस्टला मोठ्या संगीत विद्यालयात नेलं. तिथली बाई अशी खडूस की पहिलं वर्षभर एकही पूर्ण रचना वाजवू दिली नाही, फक्त तुकडे. मार्ताबाई सांगायच्या, त्या वर्षी त्या रोज रात्री रडल्या आणि पुढे जन्मभर त्या बाईचं नाव घेताना कानाला हात लावला. तो हात लावणं अर्थात त्या इथे आल्यावर शिकल्या.

विशीत त्यांचं नाव झालं. तिकडे तेव्हा कलावंतांना सरकार सांगेल तिथे जावं लागायचं. प्राग, वॉर्सा, मॉस्को, एकदा पॅरिस. आणि अधूनमधून कारखाने. कामगारांनी चांगलं संगीत ऐकलं पाहिजे असा सरकारचा हट्ट, म्हणून ट्रॅक्टरच्या कारखान्यात, साखरेच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत या काळा झगा घालून वाजवायच्या. समोर हजारभर माणसं, हाताला ग्रीस, तोंडात पाव. ‘थंय कोण खोकाक पण नाय गो,’ त्या मला सांगायच्या.

हो, मार्ताबाई मालवणी बोलायच्या. त्यांचे यजमान सदानंदराव वेंगुर्ल्याकडचे. इंजिनिअरिंगच्या शिक्षणासाठी बुडापेस्टला गेले होते, थंडीतून बचाव म्हणून एका मैफलीत शिरले आणि परत आले ते वादक घेऊनच. घरात सासू. सासूला पुस्तकी मराठीसुद्धा येत नव्हती, तर हंगेरियन कुठून येणार? दोघी दिवसभर स्वयंपाकघरात. सून शिकली ती सासूची भाषा. ही निळ्या डोळ्यांची उंच बाई मला दार उघडून ‘इलंस? बस. चाय घेतंस?’ म्हणायची तेव्हा मला वाटायचं आपली मावशीच चुकून गोरी जन्मलीय. आमच्या घरातही तीच बोली, त्यामुळे पहिल्या दिवसापासून आमचं जमलं.

त्यांचा पियानो बोटीने आला. गोदीतून अंधेरीत आणून तीन जिने चढवला तेव्हा बाबा खाली उभे राहून हमालांना ओरडत होते आणि मार्ताबाई वर उभ्या राहून देवाचा धावा करत होत्या. बाबांनी तो पहिल्यांदा लावला. बाबा गेल्यावर मी. लावून झाला की त्या एकेक सूर तपासायच्या, डोळे मिटून. एखाद्या सुरापाशी थांबायच्या. ‘ह्यो रडता गो.’ मला कितीही वाटलं की बरोबर आहे, मी किल्ली परत काढायची. दहातल्या नऊ वेळा तो खरंच रडत असायचा.

आता मला सांगा, पॅरिसला वाजवून आलेली बाई या शहरात आल्यावर शहराने तिचं काय केलं? सुरुवातीला दक्षिण मुंबईत तिचे काही कार्यक्रम झाले. रेडिओवर बोलावलं. मग मुलगी झाली, सासू आजारी पडली, दोन-तीन आमंत्रणं नाकारावी लागली आणि तिकडचे लोक तिला विसरले. अंधेरीला राहते म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू ती डहाणूच्या पुढे राहते. आणि इकडे उपनगरांत? इकडे नाट्यगृहं आहेत, हॉल आहेत, मैदानं आहेत. नाचाला, निवडणुकीला, लग्नाला, सगळ्याला जागा आहे. पण एकाही ठिकाणी पियानो नाही. म्हणजे बाई आमच्यात राहिली, आमची बोली बोलली, बाजारात बांगडे घासाघीस करून घेतले, आणि जे काम करायला ती जन्मली ते काम आमच्यासमोर करायची सोय आम्ही तिला चाळीसहून जास्त वर्षं दिली नाही.

मग त्यांनी शिकवण्या घेतल्या. पालक यायचे. ‘मॅडम, परीक्षेच्या तीन ग्रेड एका वर्षात होतील ना?’ ‘मॅडम, बर्थडेला एक फिल्मी गाणं बसवून द्या ना, केक कापताना वाजवेल.’ एका बाबांनी तर स्पष्ट विचारलं, याने गणितात मार्क वाढतात असं वाचलंय, किती दिवसांत वाढतात? मार्ताबाई हसून चहा द्यायच्या. मी आत पियानोच्या पोटात डोकं घालून दात-ओठ खायची.

सदानंदराव गेले. बोटांच्या सांध्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी कोमट पाण्यात मीठ घालून हात बुडवून बसायच्या. बिल्डिंग पुनर्विकासाला गेली, सगळ्यांना घरं सोडायची नोटीस आली. मुलगी बुडापेस्टला असते, ती म्हणाली, आई, आता माझ्याकडे ये. आणि मार्ताबाईंनी हो म्हटलं. डिसेंबरमध्ये निघायचं ठरलं. त्यानंतर मी गेले तेव्हा त्या खिडकीशी बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘हय सगळो जल्म गेलो. हयल्या माणसांसमोर एकदा तरी पुरा वाजवूचा हा माका. मगे जातंय.’

इतकंच. एवढीच मागणी होती त्या बाईची.

आणि नेमकं त्याच सुमारास प्रकाशभाऊंचं आमंत्रण आलं. प्रकाशभाऊ म्हणजे मुलुंडच्या एका सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष. दर वर्षी कुणाला तरी उपनगराचं भूषण म्हणून गौरवतात. त्यांच्या सुनेच्या मैत्रिणीचा मुलगा मार्ताबाईंकडे शिकायचा, त्यातून नाव पोचलं. भाऊ स्वतः अंधेरीला येऊन गेले. मी तेव्हा तिथेच होते. मार्ताबाईंनी एकच अट घातली. शाल नको, नारळ नको, मी वाजवणार. अर्धा-पाऊण तास, खऱ्या पियानोवर.

‘शंभर टक्के, मॅडम!’ भाऊ म्हणाले. ‘पियानो आपला. स्टेजवर असा झकास पियानो ठेवतो की बघत राहाल.’

मी विचारलं, पियानो कुठून आणताय? ‘ताई, टेन्शन घेऊ नका. आपली ओळख आहे फिल्म लाइनमध्ये.’ माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पण मार्ताबाईंचा चेहरा इतका खुलला होता की मी विषय सोडला.

चार महिने त्यांनी तयारी केली. त्यांच्या गावाकडच्या लोकगीतांवर तिथल्याच एका जुन्या संगीतकाराने बांधलेली लांबलचक रचना होती. विशीत त्या ती झोपेतही वाजवायच्या. आता एकेक ओळ बोटांत परत बसवत होत्या. डाव्या हाताचं मधलं बोट वळत नव्हतं, तर त्याचं काम शेजारच्या बोटाला शिकवलं. शेजारीपाजारी कटकट करत होते. बुडापेस्टहून आणलेला काळा झगा कपाटातून निघाला, गल्लीतल्या टेलरने तो बाजूने सैल करून दिला. मी त्या चार महिन्यांत न बोलावता जाऊन पियानो लावत होते. हातभार तेवढाच.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी पिशवी घेऊन मुलुंडच्या हॉलवर पोचले. पियानो नवीन जागी आला की बिथरतो, परत लावावा लागतो. स्टेजवर पियानो होता. मोठा, काळा, तोंड दिसेल असा चकचकीत. मला आश्चर्यच वाटलं. म्हटलं, भाऊंना उगीच नावं ठेवली आपण. मग झाकण वर केलं.

आत काही नव्हतं. म्हणजे अगदीच काही नव्हतं असं नाही. प्लायवूड होतं, एक पाण्याची रिकामी बाटली होती आणि कोणीतरी खाऊन टाकलेली गुटख्याची पाकिटं होती. तार एक नाही. हातोडी एक नाही. लोखंडी चौकट नाही. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो मी हाताने ठोकून बघितला. पट्ट्या दाबल्या तर खाली जात होत्या आणि खट् खट् वाजत होत्या, चपला घालून जिना उतरावा तशा. अंधेरीच्या कुठल्याशा स्टुडिओतला शूटिंगचा पियानो होता तो. हिरो त्याच्यापुढे बसून दुःखी चेहरा करतो आणि गाणं मागून वाजतं.

मी प्रकाशभाऊंना गाठलं. ते हारांच्या टोपल्यांपाशी उभे होते.

‘भाऊ, हा पियानो नाहीये.’

‘म्हणजे? मग काय हार्मोनियम आहे?’

‘याच्यात आत काही नाही. वाजणार कसा?’

भाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘ताई, वाजणार ना. ट्रॅक आहे आपल्याकडे. साउंडवाल्याला पियानोचा एक नंबर ट्रॅक दिलाय, नेटवरून काढलाय. मॅडमनी फक्त बसायचं आणि हात हलवायचे. त्यांचं वय बघा ना, त्यांना त्रास कशाला? चुकलं-माकलं तर लाज जाईल बिचाऱ्यांची.’

‘त्यांनी चार महिने तयारी केलीय!’

‘मग अॅक्शन एकदम ओरिजिनल होईल!’

देवाशप्पथ सांगते, तो माणूस थट्टा करत नव्हता. हेच मला सहन होत नाही. तो लबाड असता तर बरं झालं असतं. त्याला मनापासून वाटत होतं की तो बाईचं भलं करतोय. आमच्या या उपनगरांत माणसं इतकी वर्षं सिनेमातली खोटी वादनं बघत आलीत की वाजवणं म्हणजे हात हलवणं हेच त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. खरा पियानो आणला असता तर तो स्टेजवर चढवायला माणसं लागतात, आणि पाठोपाठ त्याच स्टेजवर लावणीचा कार्यक्रम होता, तो उतरवणार कोण, हे त्यांचं दुसरं म्हणणं. मी तिथल्या तिथे ओळखीतल्या दोघातिघांना फोन लावले. पियानो म्हणजे काय टेबलफॅन आहे, रिक्षात टाकून आणायला? कुणाकडून जमण्यासारखं नव्हतं.

मग मी मार्ताबाईंना फोन केला. सगळं सांगितलं. म्हटलं, येऊ नका.

‘आत काय म्हणजे काय नाय?’

‘काय नाय.’

‘ट्रॅक्टरच्या कारखान्यात पण खरो पियानो होतो गो,’ त्या म्हणाल्या. आणि मग, ‘मी येतलंय. येतंय म्हणान सांगितलंय ना?’

त्या आल्या. काळा झगा, पांढरे केस वर बांधलेले, ताठ. विंगेत मला बघून मान हलवली आणि हात चोळत खुर्चीवर बसल्या. सवयच होती ती, वाजवायच्या आधी हात गरम ठेवायची.

दीपप्रज्वलन झालं. भाषणं सुरू झाली. एक वक्ते त्यांना रशियाच्या म्हणाले, दुसरे जर्मनीच्या. तिसऱ्यांनी मराठी भाषेच्या भवितव्यावर चिंता व्यक्त केली, आणि शेजारी मालवणी बोलणारी हंगेरियन बाई बसली होती तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शाल नको म्हटलं होतं, शाल आली. नारळ नको म्हटलं होतं, नारळ आला. काचेचा छोटा पियानो स्मृतिचिन्ह म्हणून आला. तोही आतून पोकळच होता. मग निवेदिका म्हणाली, ‘आणि आता रसिकहो, ज्या क्षणाची आपण आतुरतेने वाट पाहत होतो...’ आणि दिवे मंद झाले.

मार्ताबाई उठल्या. शाल काढून खुर्चीवर ठेवली. पियानोपाशी जाऊन बसल्या, बसायचं स्टूल थोडं पुढे ओढलं. ट्रॅक सुरू झाला.

त्यांनी हात उचलले नाहीत. दोन्ही हात मांडीवर, एकावर एक. पाठ ताठ. नजर समोर, प्रेक्षकांकडे नाही आणि पियानोकडेही नाही. हॉलभर पियानोचा गडगडाट चालला होता, कुणाचा तरी, कुठला तरी, आणि पियानोपुढे बसलेली बाई हलत नव्हती.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग पुढच्या रांगेत कुजबुज झाली. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. ‘रिमोटचा आहे काय?’ असं कुणी ओरडलं आणि बराच हॉल हसला. मोबाइल वर झाले. विंगेतून प्रकाशभाऊ दोन्ही हात हवेत नाचवून दाखवत होते, ‘मॅडम, हात! हात!’ साउंडवाला विचारत होता, बंद करू का? भाऊ म्हणाले, नको रे, आणखी वाट लागेल. मी पडद्याची दोरी धरून उभी होते आणि मला रडू येत होतं ते दुःखाने नाही, संतापाने.

हसणं फार वेळ टिकलं नाही. एक बाई इतकी स्थिर बसली की तिला किती वेळ हसणार? ट्रॅक चालत राहिला आणि हॉल हळूहळू गप्प झाला. संपला तेव्हा कुणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही कळेना. सवयीने वाजवल्या काहींनी.

मार्ताबाई उठून माइकपाशी आल्या. ‘ज्यान ह्या वाजवल्यान, तेका टाळ्यो देवा,’ त्या म्हणाल्या. ‘तो हय नाय. मी हय आसंय, पण माका तुम्ही वाजवूक दिलास नाय.’

आणि विंगेत आल्या. नारळ आणि शाल तिथेच राहिली. आम्ही रिक्षाने अंधेरीला गेलो.

तुम्हाला वाटेल, कुणाला तरी लाज वाटली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशभाऊंचा मला फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. ‘ताई, क्लिप बघितली का? सगळीकडे फिरतेय! पियानो आपोआप वाजतोय आणि म्हातारी बसलीय! लोक जाम खुश आहेत. मॅडमना विचारा ना, जानेवारीत आपल्या महोत्सवात परत करतील का? सेम तसंच, हात न हलवता.’

मी काय बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. आमच्या बाबांनी गिरणीत शिकलेले शब्द त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या कामी आले. भाऊंनी शेवटी विचारलं, ‘पण तुम्ही चिडता कशाला?’ त्यांना खरोखर कळलेलं नव्हतं.

डिसेंबरमध्ये मार्ताबाईंचं सामान बांधून झालं. पियानो त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे जायचा होता, ती शिकवते आता. जाण्याआधी शेवटचा लावून दे म्हणाल्या. मी गेले. घरात खोके, भिंतींवर तसबिरी काढल्याचे डाग, मध्ये पियानो. दुपारपर्यंत काम उरकलं, त्यांनी डोळे मिटून सगळे सूर तपासले. एकही रडला नाही. मी किल्ली पिशवीत टाकली आणि निघायला उठले. ट्यूनर सूर लावतो आणि निघतो, पुढच्या घरी कुणीतरी वाट बघत असतं. इतकी वर्षं जाऊन मार्ताबाईंची एकही रचना मी पुरी ऐकलेली नव्हती.

‘आज जाव नको,’ त्या म्हणाल्या. ‘बस थंय.’

आत गेल्या आणि तो काळा झगा घालून बाहेर आल्या. मला हसू येईना आणि रडू येईना. मी एका खोक्यावर बसले. त्यांनी सुरुवात केली.

संगीताबद्दल मला लिहिता येत नाही. हळू सुरू झालं, मुलींनी नदीवर धुणं धुताना म्हणावं असं काहीतरी साधं, आणि मग त्यात आणखी माणसं येत गेली. डाव्या हाताचं ते बोट वळत नव्हतं आणि शेजारचं बोट त्याचं काम निमूट करत होतं. पाचेक मिनिटं झाली असतील, तेवढ्यात दारावरची बेल वाजली. मार्ताबाई थांबल्या नाहीत. मी दार उघडलं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ, कानात ते मोबाइलचं यंत्र.

‘जरा आवाज कमी करायला सांगा ना. माझी मीटिंग चालू आहे.’

‘आत या,’ मी म्हटलं. ‘बसा. या बाई उद्या जातायत. पुन्हा कधी ऐकायला मिळणार नाही.’

‘अहो, ऐकायला येतंयच ना खाली! तेच तर सांगतोय.’

मी दार लावलं. परत बेल वाजली. पुन्हा वाजली. मी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, दारावरच्या बेलची डबी उघडली आणि तिची तार सोडवून ठेवली. मग त्यांनी दार ठोठावलं. मी दाराला पाठ लावून उभी राहिले आणि तशीच उरलेलं सगळं ऐकलं. ते केव्हा कंटाळून खाली गेले ते मला कळलं नाही.

संपलं. बाहेर गल्लीत कुणाची तरी गाडी मागे घेतल्याचा आवाज येत होता. मी टाळ्या वाजवल्या. एका माणसाच्या टाळ्या फार वाईट ऐकू येतात हो, रिकाम्या खोलीत तर जास्तच. असं वाटतं, कुणीतरी कपडे आपटतंय. पॅरिसला उभं राहून टाळ्या घेतलेल्या बाईला या अख्ख्या उपनगराने शेवटी एवढंच दिलं, म्हणून मी आणखी जोरात वाजवल्या. मार्ताबाई उठल्या, एक हात पियानोवर ठेवला आणि समोर भरलेलं सभागृह असावं तशा खाली वाकल्या. मी थांबले नाही. त्या पुन्हा वाकल्या. मी थांबले नाही. मग त्या हसल्या.

‘पुरे गो आता. हात दुखतले तुझे.’

‘दुखांदेत,’ मी म्हटलं, आणि वाजवत राहिले.